अंगठा मुंगीचा, हात कुणाचा?

मित्रांनो, भिंत रंगवणारा कुंचला वेगळा आणि चित्र काढणारा वेगळा. मी त्या दोघांपैकी कुणीच नाही. मी एक जुना, बुटक्या दांड्याचा, मऊ केसांचा कुंचला आहे. ओल्या रंगाशी माझा कधी संबंध आला नाही. माझे सारे आयुष्य भुकटीत गेले. आता माझे निम्मे केस झडले आहेत आणि दांड्यावरची लाखेची चमक उडाली आहे. पण आठवणी अजून जागच्या जागी आहेत. त्यांतली एक तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या छोट्या कारखान्यात झाला. दांडा लेथवर कातला गेला, आणि केस जुळवले एका म्हातारीने. तिला सगळे केसवाली आजी म्हणत. ती चिमूटभर केस एका छोट्या पेल्यात उभे ठेवायची आणि पेला टेबलावर हलकेच आपटत राहायची. आपटता आपटता सगळ्या केसांची टोके एका पातळीत यायची. शेजारी शिकायला बसलेल्या सुनेने एकदा विचारले, "आत्या, कात्रीने सरळ कापून टाकलं तर? एका मिनिटाचं काम."

"कापलेलं टोक टोचतं गं," आजी म्हणाली. "जन्मतः आलेलं टोक असतं ना, ते मऊ. घाई केलीस तर कुंचला होणार नाही, झाडू होईल."

मग माझ्या केसांना दोऱ्याचा घट्ट वेढा बसला, वरून पितळी टोपी चढली आणि मी जगात आलो.

मला विकत घेतले एका रंगभूषाकाराने. नाटक कंपनीत नटांचे चेहरे रंगवणे हे त्याचे काम. शेवटचा हात माझा असे. रंग, रेघा, मिश्या, सगळे झाले की मला पावडरीच्या डबीत बुडवायचे, मनगटावर झटकायचे आणि चेहऱ्यावरून फिरवायचे. राजा असो की दरोडेखोर, माझ्याखाली सगळ्यांचे डोळे मिटत. चेहऱ्यावर पावडर चढली की घाम दिसत नसे, भीतीही दिसत नसे. त्या दिवसांत माझा थाट काही और होता. कुणा दुसऱ्याने मला उचलले तर रंगभूषाकार म्हणे, "ठेव तो खाली. तो माझा उजवा हात आहे."

पुढे त्याची नजर अधू झाली आणि तो घरी बसला. मीही त्याच्याबरोबर एका पत्र्याच्या पेटीत बसलो. एके दिवशी त्याची भाची भेटायला आली. ती एका शाळेत विज्ञान शिकवत असे.

"मामा, तुमच्याकडचा एखादा अगदी मऊ कुंचला हवाय मला."

"का? लग्नाबिग्नाला चाललीस का कुठे नटून?"

"नाही हो. मुलांना बोटांचे ठसे कसे शोधायचे ते शिकवणार आहे. गुन्ह्याचा तपास करतात ना, तसं. बाजारातल्या कुंचल्यांनी ठसा पुसूनच जातो."

मामाने मला पेटीतून काढले, अंगठ्याने माझे केस उलगडून पाहिले आणि तो हसला. "जन्मभर आम्ही दोघांनी माणसं झाकली," तो म्हणाला. "आता हा तुझ्याकडे जाऊन माणसं उघडी करणार म्हण की."

अशा रीतीने मी शाळेत आलो. तिथे माझ्या मालकिणीला सगळे नुसते 'बाई' म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणतो.

बाईंची प्रयोगशाळा म्हणजे पश्चिमेकडे मोठ्या खिडक्या असलेली एक लांबट खोली. मधोमध ओटे, कडेला नळ, एका कोपऱ्यात माशांची काचेची टाकी. वर्ग सातवीचा. त्या वयाच्या मुलांचे हात किती अधीर असतात, हे मला पहिल्याच दिवशी कळले. बाईंनी काचेच्या पट्टीवर बोट टेकवले आणि शिसपेन्सिलीची बारीक भुकटी माझ्या टोकांना लावून मला एका मुलाच्या हातात दिले. त्याने अंगण झाडावे तसे मला काचेवर फिरवले. ठसा गायब.

"झाडू नका रे," बाई म्हणाल्या. "गुदगुल्या करा."

दुसऱ्याने इतक्या हळू गुदगुल्या केल्या की काचेपर्यंत मी पोहोचलोच नाही. तिसऱ्याने भुकटीवर फुंकर मारली आणि सगळ्यांची नाके काळी झाली. मग एक किरकोळ अंगाची मुलगी पुढे आली. सतत काहीतरी काम करत असायची म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. तिने मला दांड्याच्या शेवटी दोन बोटांत धरले, लाटण्यासारखे हलकेच गोल फिरवले, आणि काचेवर एकेक रेष वर येऊ लागली. पाण्याखालून काही वर यावे तशी. वर्ग श्वास रोखून बघत होता. बाईंनी त्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबली, अलगद उचलली आणि पांढऱ्या कार्डावर चिकटवली. झाला ठसा कायमचा.

मुलांनी मग आपापल्या बोटांचे ठसे घेतले. कुणाच्या बोटावर शंख, कुणाच्या चक्र, एखाद्याच्या नुसती कमान. सतत बडबडणारा एक मुलगा होता, पोपट. त्याच्या दहाही बोटांवर चक्रे निघाली, तेव्हा ऐटीत तो दिवसभर कुणाशी नीट बोलला नाही. मुंगीच्या उजव्या अंगठ्यावर शंख होता, आणि त्याच्यावरून आडवी गेलेली एक रेघ, लहानपणी कापल्याची.

त्या वर्षी काय काय केले त्या वर्गाने! मैदानातल्या ओल्या मातीत बुटांचे ठसे घेऊन त्यांत प्लॅस्टर ओतले. पेनाची शाई ओल्या कागदावर चढवून काळ्या रंगाच्या पोटातले निळे, जांभळे रंग वेगळे काढले. एकदा शाळेची घंटा वाजवायचा हातोडाच नाहीसा झाला. शाळाभर बोंबाबोंब. मुलांनी घंटेखालच्या स्टुलावर माझ्याकडून ठसा काढून घेतला, मग शाळेतला एकेक पेला, एकेक दाराची मूठ तपासली, आणि शेवटी चहाच्या एका कपावर तोच अंगठा सापडला. कप मुख्याध्यापकांचा होता. पोपटाने दारातूनच विचारले, "सर, आत येऊ का? तुम्हाला अटक करायची आहे." सरांनी टेबलाचा खण उघडला आणि हातोडा काढून दिला. हा सगळा बेत त्यांनी आणि बाईंनी मिळून आखला होता. त्या दिवशी वर्गाने माझ्या दांड्याला लाल रिबीन बांधली. माझी छाती फुगली असती, कुंचल्याला छाती असती तर.

पण मित्रांनो, कौतुकाच्या पाठोपाठ जे आले ते खेळातले नव्हते.

टाकीतले मासे वर्गाचे लाडके होते. त्यांच्यासाठी पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा एक छोटा पंप होता. मुंगीकडे माशांना खाऊ घालण्याचे काम होते. खाऊ पाण्यात पसरू नये म्हणून ती पंप थोडा वेळ बंद करायची आणि मासे जेवले की पुन्हा चालू करायची. एके दिवशी सकाळी दार उघडले, तर खोलीत बुडबुड्यांचा आवाज नव्हता. बरेचसे मासे पाण्यावर आडवे झाले होते. उरलेले पृष्ठभागाशी तोंड आणून धापा टाकत होते. पंपाचे बटण बंद होते.

काही मुली रडल्या. काही मुले नुसती उभी राहिली. मग पोपट म्हणाला, "ठसा काढू या."

नको म्हणावे असे बाईंच्या मनात आले असावे, कारण डबीतून मला काढताना त्यांचा हात क्षणभर थांबला. पण वर्षभर ज्यांना शोधायला शिकवले त्यांना आता शोधू नका कसे म्हणायचे? त्यांनी मला पोपटाच्या हातात दिले. एरवी हे काम मुंगीचे. आज ती मागे टाकीपाशी उभी होती, मेलेले मासे जाळीने एका वाडग्यात काढत.

पोपटाने काम नीट केले, हे मला कबूल करायला हवे. पांढऱ्या बटणावर मी हलकेच फिरलो आणि चालू करायच्या टोकावर एक अंगठा उमटला. शंख. त्यावर आडवी रेघ.

पोपटाने अख्ख्या बटणावर चिकटपट्टी दाबून दोन्ही टोकांवरचे सगळे कार्डावर उतरवले आणि पंप चालू केला. कुणालाही जुनी कार्डे जुळवायची गरज पडली नाही. सगळ्या माना मागे वळल्या.

"मी परत चालू केला होता," मुंगी म्हणाली.

"मग बंद कसा झाला?" कुणीतरी विचारले.

"मला माहीत नाही."

"विसरलीस असशील," पोपट म्हणाला. त्याचा आवाज रागाचा नव्हता, आणि तेच जास्त वाईट होते. "तुझाच अंगठा आहे ना."

"माझाच आहे. पण मी चालू केला होता."

तेवढ्यात घंटा झाली. पुढच्या तासाला मुंगीच्या बाकावर ती एकटीच बसली, असे मी नंतर ऐकले. मुख्याध्यापकांनी माशांचे काम तिच्याकडून काढून घ्यायला सांगितले आणि तिच्या आईला शाळेत भेटायला बोलावले. ते काही दुष्ट गृहस्थ नव्हते. ठसा स्पष्ट होता, त्यांना आणखी काय हवे होते?

मी डबीत पडून होतो. राजांचे आणि दरोडेखोरांचे चेहरे झाकले तेव्हा त्यातून कुणाचे वाईट झाले नव्हते. आता मी खरे तेच दाखवले होते आणि एक लहान मुलगी वर्गात एकटी पडली होती. मला हे कोडे सुटेना.

दुपारी पुन्हा बाईंचा तास होता. त्या आल्या त्याच मुळी ते कार्ड हातात घेऊन. फळ्याकडे पाठ करून त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"हा ठसा काय सांगतो?" त्यांनी विचारले.

"मुंगीने पंप बंद केला," दोघेतिघे म्हणाले.

"ठसा असं सांगतो? पुन्हा बघा."

मग पोपट सावकाश म्हणाला, "मुंगीचा अंगठा बटणाला लागला होता."

"कधी?"

"ते... ते नाही कळत."

"कशासाठी?"

"तेही नाही."

"मग तेवढंच बोलायचं," बाई म्हणाल्या. "ठशाच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत. सकाळी मीच हे थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही." आणि त्यांनी ते कार्ड कुणाकडे द्यावे? मुंगीकडे. "तू बघ. तुझ्याइतकी बारीक नजर या वर्गात कुणाची नाही."

मुंगीने भिंग घेतले. बराच वेळ ती वाकून बघत होती. डोळे पुसायला एकदा थांबली आणि पुन्हा वाकली.

"बाई," ती शेवटी म्हणाली, "बटणाला दोन टोकं आहेत. एक दाबलं की चालू, दुसरं दाबलं की बंद. चालूच्या टोकावर माझा अंगठा आहे. स्वच्छ. पण मी रोज बंदही करते. मग बंदच्या टोकावरही माझा अंगठा असायला हवा."

"आणि नाही?"

"होता. कडेला थोड्या रेषा दिसतात. पण मधे त्या पुसल्या गेल्यात. त्यांच्यावर दुसरंच काहीतरी टेकलंय. त्याला रेषाच नाहीत. नुसत्या बारीक सुरकुत्या आहेत."

पोपट बाक ओलांडूनच पुढे आला. "बघू," म्हणाला, आणि मग जीभ चावून, "बघू का?"

तिने भिंग त्याला दिले. त्याने पाहिले आणि हळूच म्हणाला, "म्हणजे बंदचं टोक दाबणारी ही शेवटची नाही. हिच्यानंतर कुणीतरी दाबलंय."

खोलीतली हवाच पालटली. रेषा नसलेले बोट कुणाचे असणार? बाई म्हणाल्या, करून बघा. भिंतीवर आणखी बटणे होती. मुलांनी ती पुसून घेतली आणि एकावर रुमाल गुंडाळून बोट दाबले, एकावर शर्टाची बाही ओढून. मग मी कामाला लागलो. यावेळी मुंगीच्या हातात. रुमालाने कापडाची जाळी उमटवली, बाहीनेही जाळीच, जरा मोठी. सुरकुत्या कशानेच येईनात.

मग एका मुलाने नळाजवळ वाळत घातलेला रबरी हातमोजा उचलला, बोट आत घातले आणि बटण दाबले. मुंगीने मला फिरवले. तशाच बारीक सुरकुत्या.

त्या प्रयोगशाळेत हातमोजे एकच माणूस वापरत असे. शिसपेन्सिली घासून माझ्यासाठी भुकटी करताना हात काळे होऊ नयेत म्हणून.

बाई हातमोज्याकडे बघत होत्या. आपण स्वतः काय केले ते आठवायला वेळ लागतो, तसा त्यांना लागत होता. मग त्यांनी मान वळवून भिंतीवरच्या बटणांकडे पाहिले. पंपाच्या बटणाला अगदी चिकटून टेबलावरच्या दिव्याचे बटण होते.

"सकाळी हा दिवा चालू होता का?" त्यांनी विचारले.

"हो बाई," एक मुलगी म्हणाली. "मीच बंद केला, आपण ठसा काढल्यानंतर. मला वाटलं आत्ताच कुणीतरी लावलाय."

बाईंनी खुर्ची ओढली, पण बसल्या नाहीत. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काल तुम्ही गेल्यावर मी इथेच भुकटी करत बसले होते," त्या म्हणाल्या. "दिवा लावून. निघताना दिवा बंद केला, म्हणजे केला असं मला वाटलं. तोवर खिडकीतून एवढं ऊन यायला लागलं होतं की दिवा जळतोय की विझलाय हे कळायला मार्ग नव्हता. हातात मोजे होते. मी चुकीचं बटण दाबलं. पंप मी बंद केला."

मित्रांनो, त्या क्षणी बाई गप्प राहू शकल्या असत्या. 'कुणीतरी चुकून दाबलं असेल' एवढे म्हणून विषय संपला असता. मुंगी सुटली असती आणि बाईंचा मानही राहिला असता. सातवीतली मुले बाईंवर संशय घ्यायला धजली नसती. पण त्या मुंगीपाशी गेल्या.

"मासे माझ्यामुळे गेले," त्या तिला म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू येईल असे. "आणि त्याचं ओझं सकाळपासून तू डोक्यावर वागवलंस. मी तुझी माफी मागते."

मुंगी मला हातात धरूनच उभी होती.

"तुम्ही मुद्दाम नाही केलंत, बाई," ती म्हणाली. मग हळू पण स्पष्ट आवाजात म्हणाली, "मीही केलं नव्हतं."

"हो," बाई म्हणाल्या. "तू सांगत होतीस. आम्ही ऐकलं नाही."

बाई तिथूनच तिला घेऊन मुख्याध्यापकांकडे गेल्या. संध्याकाळी मुंगीची आई आली, तेव्हा बाईंनी तिला फाटकातच गाठले आणि सगळे सांगितले, हे मला पोपटाच्या बडबडीतून कळले. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतले म्हणे, आणि एवढेच म्हणाली, "तिला घरी विचारलं असतं तर मी विश्वास ठेवला असता की नाही, हेच मला आता कळत नाहीये." दुसऱ्या दिवशी पोपट आणि मुंगी टाकी धूत होते. तो पाणी ओतत होता, ती काच पुसत होती. त्याने माफी कशी मागितली मला ठाऊक नाही, कदाचित मागितलीही नसेल. पण टाकी भरून होईपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. पोपटाला ओळखणाऱ्याला ती माफीच वाटली असती. जगलेले मासे पुन्हा तळाशी फिरू लागले.

त्यानंतर बाईंच्या प्रत्येक वर्गाची सुरुवात त्याच प्रश्नाने होऊ लागली. हा पुरावा काय सांगतो, आणि काय सांगत नाही? मी कितीतरी मुलांच्या हातांतून गेलो. मग बाई निवृत्त झाल्या. त्यांनी मला शाळेतच ठेवून दिले. पुढे शाळेत नवीन साहित्य आले. चकचकीत खोक्यात तयार भुकटी, तयार कार्डे, प्लॅस्टिकच्या केसांचे कुंचले. मी खणात गेलो. कुणीतरी एकदा मला डिंकात बुडवून तक्ता चिकटवला आणि तसाच टाकून दिला. डिंकाने माझे केस दगडासारखे झाले. ज्या टोकांसाठी केसवाली आजी तासन् तास पेला आपटत बसली, ती टोके त्या एका दुपारी गेली. बाईंच्या जागी आलेल्या नवीन सरांनी मला कोमट पाण्यात भिजवून बरेचसे मोकळे केले, पण पूर्वीसारखा मी काही होणे नाही. आता मी भिंगांच्या काचांवरची धूळ काढतो. तेही काम काही वाईट नाही.

माझे एक मागणे आहे, मित्रांनो. वापरातल्या वस्तू काम झाले की स्वच्छ करून, वाळवून ठेवत जा. मुक्या वस्तूला बिघडल्याचे सांगता येत नाही. मला तर एवढेच सांगता येते की इथे कुणाचा तरी हात लागला होता. तो का लागला, केव्हा लागला, हे मला विचारू नका. ज्याचा हात आहे त्याला विचारा. त्याच्याजवळ बसून विचारा, आणि तो सांगेल ते त्याचे सांगून होईपर्यंत ऐका.